पेटन मॅनिंगला कितव्या पायरीवर बसवायचं? क्वार्टरबॅकची थोरवी मोजायची रीत

2004 च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलच्या पेटन मॅनिंगने इंडियानापोलिस कोल्ट्ससाठी 497 पास फेकले. त्यातले 49 टचडाउनला गेले, म्हणजे चेंडू विरोधकांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचून गुण मिळाले; फक्त 10 विरोधकांच्या हाती लागले, म्हणजे इंटरसेप्शन झाले. तरी प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या सामन्यात न्यू इंग्लंडने कोल्ट्सना 20-3 असं गुंडाळलं आणि हंगाम संपला. 2015 मध्ये हाच माणूस डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून 9 टचडाउन आणि 17 इंटरसेप्शन अशा आकड्यांवर आला, मधले काही आठवडे त्याच्या जागी दुसराच क्वार्टरबॅक खेळला, आणि हंगामाअखेरीस मॅनिंगने सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, चषक उचलला. नुसत्या अंगठ्या (विजेत्यांना मिळतात त्या, म्हणजे किताब) मोजल्या तर 2015 हे वर्ष 2004 पेक्षा मोठं ठरतं. असं उत्तर देणारी मोजपट्टी मोडीतच काढायला हवी. मग मोजायचं कसं, ते मॅनिंगलाच समोर ठेवून पाहू. त्याची कारकीर्द संपली आहे, आकडे आता हलणार नाहीत, आणि वाद घालायला दोन्ही बाजूंनी भरपूर दारूगोळा आहे.

(हा अमेरिकन फुटबॉल. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगतो तो नव्हे. इथे क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीला चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे जाणार हे ठरवणारा खेळाडू.)

आकडे उघडण्याआधी प्रश्न लिहून काढा

कागदावर तीन रकाने आखा: शिखर, पल्ला, निर्णायक सामने. शिखर म्हणजे त्याचे सगळ्यात चांगले पाच हंगाम. पल्ला म्हणजे त्या दर्जाच्या जवळपास तो किती वर्षं टिकला. तिसरा रकाना प्लेऑफचा. कोणत्या रकान्याला किती वजन द्यायचं ते आत्ताच लिहा. 40, 30, 30 असं काहीही चालेल, फक्त आकडे पाहिल्यावर बदलायचं नाही. बहुतेक वाद इथेच नासतात. आवडता खेळाडू ज्या रकान्यात उजवा, तोच रकाना मग एकाएकी महत्त्वाचा होतो.

मॅनिंगसाठी पहिली नोंद अशी: कारकिर्दीत 71,940 यार्ड, 539 टचडाउन, 251 इंटरसेप्शन, पासर रेटिंग 96.5. या ओळीकडे पाहून घ्या आणि बाजूला ठेवा. कारकिर्दीच्या बेरजेत पहिल्या वर्षाची 28 इंटरसेप्शन आहेत, शेवटच्या वर्षाची पडझड आहे आणि मधली सोन्यासारखी वर्षंही आहेत. तिन्ही एका भांड्यात ढवळली की चव कळत नाही.

दोन सूत्रं, आणि ती भांडतात तेव्हा

पासर रेटिंग हे लीगचं (एनएफएलचं) 1973 पासूनचं अधिकृत माप. गणित हातानेही होतं. चार तुकडे काढायचे:

1. पूर्ण झालेले पास भागिले एकूण पास, त्यातून 0.3 वजा, गुणिले 5.
2. यार्ड भागिले पास, त्यातून 3 वजा, गुणिले 0.25.
3. टचडाउन भागिले पास, गुणिले 20.
4. 2.375 मधून वजा करा: इंटरसेप्शन भागिले पास, गुणिले 25.

एकही तुकडा शून्याखाली किंवा 2.375 च्या वर जाऊ द्यायचा नाही. चौघांची बेरीज भागिले 6, गुणिले 100. म्हणून कमाल रेटिंग 158.3.

आता मॅनिंगचा 2013 चा विक्रमी हंगाम घ्या: 659 पास, 450 पूर्ण, 5,477 यार्ड, 55 टचडाउन, 10 इंटरसेप्शन. तुकडे येतात 1.914, 1.328, 1.669 आणि 1.996. रेटिंग 115.1. समोर मायामीच्या डॅन मरिनोचा 1984 चा हंगाम ठेवा: 564 पास, 362 पूर्ण, 5,084 यार्ड, 48 टचडाउन, 17 इंटरसेप्शन. तुकडे 1.709, 1.504, 1.702, 1.621. रेटिंग 108.9. मॅनिंग सरळ पुढे.

पण या सूत्राच्या पोटात काय आहे ते बघा. पहिल्या तुकड्यातला 5 दुसऱ्यातल्या 0.25 च्या वीसपट आहे. म्हणजे पास नुसता पूर्ण झाला, त्यातून एक इंचही पुढे सरकलं नाही, तरी 20 यार्डांचं बक्षीस मिळतं. त्याच हिशेबाने टचडाउन 80 यार्डांचा आणि इंटरसेप्शन उणे 100 यार्डांचं. हे भाव खेळाशी जुळत नाहीत. छोटे, सुरक्षित पास देणाऱ्यावर हे माप मेहेरबान असतं. शिवाय सॅक, म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला आडवं पाडणं, या सूत्राला दिसतच नाही.

म्हणून दुसरं माप वापरा. अमेरिकेतले आकडेतज्ज्ञ त्याला अ‍ॅडजस्टेड नेट यार्ड्स पर अटेम्प्ट म्हणतात. आपण निव्वळ यार्ड म्हणू. यार्डांत प्रत्येक टचडाउनचे 20 मिळवा, प्रत्येक इंटरसेप्शनचे 45 वजा करा, सॅकमध्ये गमावलेले यार्डही वजा करा. मग पास आणि सॅक यांच्या बेरजेने भागा.

मॅनिंग 2013 मध्ये 18 वेळा सॅक झाला, 120 यार्ड गेले. 5,477 अधिक 1,100, वजा 450, वजा 120, म्हणजे 6,007. भागिले 677. उत्तर 8.87. मरिनो 13 वेळा सॅक झाला, गमावले तेवढेच 120. 5,084 अधिक 960, वजा 765, वजा 120, म्हणजे 5,159. भागिले 577. उत्तर 8.94.

क्रम उलटला. मरिनोची सात इंटरसेप्शन जास्त असूनही तो किंचित पुढे, कारण त्याचा दर पास सरासरी 9 यार्डांचा होता, मॅनिंगचा 8.3 चा. दोन मापं अशी भांडली की एकाला खोटं ठरवायची घाई करू नका. दोन्ही हंगाम एकाच दर्जाचे आहेत आणि रेटिंगमधलं सहा गुणांचं अंतर फसवं आहे, एवढं त्यातून घ्या.

मॅनिंगचा 2004 चा हंगाम याच यंत्रातून काढला तर रेटिंग 121.1 आणि निव्वळ यार्ड 9.78 येतात. 55 टचडाउनचा विक्रम 2013 चा, पण दर शंभर पासांत टचडाउन 2004 मध्ये जवळजवळ 10 होते, 2013 मध्ये 8.3. विक्रमांच्या यादीत सगळ्यात वर दिसणारा हंगाम त्याचा सर्वोत्तम हंगाम नव्हे. शिखराच्या रकान्यात 2004 वर ठेवा.

उलट बाजूची चूकही होते. 2013 मध्येच फिलाडेल्फियाच्या निक फोल्सचं रेटिंग 119.2 होतं, मॅनिंगच्या वर. निव्वळ यार्डही 9.18. पण ते 317 पासांवर, मॅनिंगच्या निम्म्याहून कमी. दर बघताना शेजारी पासांची संख्या लिहिलीच पाहिजे.

काळाचा हिशेब

याच पायरीवर लोक सगळ्यात जास्त आळस करतात.

1978 मध्ये लीगने दोन नियम बदलले. बचावपटूला रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) धक्काबुक्की करण्याची मुभा चेंडू ठेवलेल्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंतच उरली. आणि क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या लाइनमनना हात लांब करून, तळवे उघडे ठेवून अडवण्याची सूट मिळाली. त्याच वर्षी हंगाम 14 वरून 16 सामन्यांचा झाला. 2021 पासून तो 17 चा आहे. 1960 पर्यंत तो 12 सामन्यांचा होता. 1982 मध्ये संपामुळे नऊच सामने झाले.

मग 2004. आदल्या हंगामातल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दोनपैकी एका गटाच्या, अंतिम सामन्यात न्यू इंग्लंडच्या बचावपटूंनी मॅनिंगच्या रिसीव्हरांना इतकं धरलं, ओढलं की पाच यार्डांचा तो जुना नियम आता कडक पाळायचा असं लीगने ठरवलं. त्याच वर्षी मॅनिंगचे 49 टचडाउन आले. याला निव्वळ योगायोग म्हणणं भाबडेपणाचं. पण सवलत सगळ्यांनाच होती. त्या वर्षी टचडाउनमध्ये दुसरा आलेला डाँटे कल्पेपर 39 वर होता.

काळ समान करायची सोपी रीत हीच: खेळाडूचा आकडा त्याच वर्षीच्या दुसऱ्या क्रमांकाशी लावून बघा. 1984 मध्ये मरिनो 48, दुसरा डेव्ह क्रेग 32. 2013 मध्ये मॅनिंग 55, दुसरा ड्रू ब्रीस 39. अंतर दोन्हीकडे 16, पण गुणोत्तर मरिनोचं दीडपट आणि मॅनिंगचं 1.41 पट. आधीच्या विक्रमाशीही ताडून बघा. मरिनोने 36 चा विक्रम एका झटक्यात 48 वर नेला. मॅनिंगने 2013 मध्ये न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीचा 50 चा विक्रम 55 केला. एका हंगामाच्या झेपेत मरिनो वरचढ, हे मॅनिंगच्या चाहत्यांनी मुकाट मान्य करावं.

जुन्या खेळाडूंबाबत हाच नियम आणखी कडक लावा. जॉनी युनायटसचं कारकिर्दीचं रेटिंग 78.2, 290 टचडाउनला 253 इंटरसेप्शन. आज असे आकडे घेऊन कुणी बाकावरही बसू शकणार नाही. पण 1959 मध्ये त्याने 12 सामन्यांत 32 टचडाउन फेकले, आणि सलग 47 सामन्यांत किमान एक टचडाउन पास हा त्याचा विक्रम 2012 पर्यंत टिकला. त्याच्या काळातल्या सॅकचा खेळाडूनिहाय हिशेब धड मिळत नाही, म्हणून निव्वळ यार्ड काढायच्या फंदात पडू नका. दर पासामागचे यार्ड आणि लीगमधला वार्षिक क्रमांक, एवढ्यावर भागवा. प्रत्येक चालीची नोंद वापरून काढलेली नवी मापं साधारण 1999 पासूनच्या हंगामांसाठीच सहज उपलब्ध आहेत. ती वापरलीत तर मॅनिंगचं पहिलं, 3 विजय आणि 13 पराभवांचं वर्ष आपोआप गळतं आणि त्याची सरासरी फुगते.

प्लेऑफ: सामना उघडून बघा

मॅनिंगचा प्लेऑफचा हिशेब 14 विजय, 13 पराभव. नऊ वेळा तो पहिल्याच सामन्यात बाहेर पडला. हा आकडा त्याच्याविरुद्ध शस्त्रासारखा वापरला जातो, म्हणून तो सोलून बघू.

त्या नऊपैकी पाच हंगामांत, 1999, 2005, 2007, 2012 आणि 2014 मध्ये, संघाने साखळीत इतकं चांगलं केलं होतं की पहिली फेरी खेळावीच लागली नाही. पहिला सामना थेट दुसऱ्या फेरीचा, तगड्या संघाशी. कमी विजय मिळवून पहिल्या फेरीत एक सोपा सामना जिंकला असता तर ‘पहिल्याच सामन्यात बाहेर’ हा शिक्का बसला नसता. चांगल्या कामगिरीचा दंड भरायला लावणारं माप आहे हे.

आता प्रत्येक पराभवापुढे दोन ओळी लिहा: त्याने काय केलं, इतरांनी काय केलं.

जानेवारी 2006, पिट्सबर्गशी 21-18 असा पराभव. शेवटच्या क्षणी बरोबरी साधणारी 46 यार्डांची किक माइक व्हँडरजॅटने उजवीकडे बाहेर मारली. जानेवारी 2013, बाल्टिमोरशी 38-35. नियमित वेळेची 31 सेकंद उरली असताना डेन्व्हरच्या बचावपटूचा अंदाज चुकला आणि 70 यार्डांचा टचडाउन बसला. पण लगेच मॅनिंगला निर्दोष सोडू नका. त्याच सामन्यात जादा वेळेत उजवीकडे पळता पळता त्याने मैदानाच्या मध्यभागी टाकलेला पास विरोधकाने झेलला आणि तिथूनच बाल्टिमोर जिंकलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर हव्यात.

काही पराभव सरळ त्याच्या खात्यावर जातात. जानेवारी 2004, न्यू इंग्लंडशी 24-14: चार इंटरसेप्शन, त्यातली तीन एकट्या टाय लॉने घेतलेली. 2009 च्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध सात गुणांनी मागे असताना त्याचा पास ट्रेसी पोर्टरने हेरला आणि 74 यार्ड पळवत टचडाउन केला. आणि 2013 च्या हंगामाचा, सिअ‍ॅटलशी 43-8 असा हरलेला तो सुपर बोल, ज्यात पहिलाच स्नॅप, म्हणजे चाल सुरू करायला मागे दिलेला चेंडू, त्याच्या डोक्यावरून मागे गेला. त्या दिवशी त्याने 34 पास पूर्ण केले, तेव्हाचा सुपर बोलचा विक्रम. पूर्ण पासांची संख्या किती पोकळ असू शकते याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

चार सुपर बोल मिळून मॅनिंगचे 3 टचडाउन, 5 इंटरसेप्शन. सॅन फ्रान्सिस्कोच्या जो मोंटानाचे चार सुपर बोलमध्ये 122 पास, 11 टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. निर्णायक सामन्यांच्या रकान्यात मॅनिंग मोंटानाच्या खाली, आणि थोडाथोडका नाही. त्याच रकान्यात जानेवारी 2007 ची नोंदही हवी: न्यू इंग्लंडविरुद्ध 21-3 ने मागे पडून 38-34 असा विजय, मग शिकागोला 29-17 ने हरवून पहिली अंगठी आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू.

एक माप मात्र कागदावर घेऊच नका: दोन क्वार्टरबॅकमधला ‘आमनेसामने’ हिशेब. ब्रेडीविरुद्ध मॅनिंग एकूण 17 पैकी 6 जिंकला, पण प्लेऑफच्या पाचपैकी तीन. दोन्ही बाजूंचे लोक हवा तो अर्धा उचलतात. मुळात ते दोघं एकाच वेळी मैदानात नसतातच. मॅनिंग खेळत असतो तेव्हा ब्रेडी बाकावर बसून बघत असतो. गोलंदाजी न करणाऱ्या दोन फलंदाजांना एकमेकांविरुद्ध जिंकले-हरले म्हणण्यासारखं आहे हे.

सोबतीला कोण होतं

मॅनिंगला मार्विन हॅरिसन आणि रेजी वेन हे रिसीव्हर मिळाले, मध्यभागी जेफ सॅटर्डे, बरीच वर्षं टॉम मूरसारखा आक्रमणाचा आखणीकार. घरचं मैदान छताखालचं, वारा-पाऊस नाही. हे सगळं वजाबाजूला लिहा. मग अधिकबाजूला हे लिहा की स्नॅपच्या आधी बचावाची मांडणी वाचून चाल बदलण्याचं काम तो स्वतः रेषेवर उभा राहून करायचा. ‘ओमाहा’ ही त्याची आरोळी घराघरात पोचली ती त्यातूनच. आणि मानेच्या शस्त्रक्रियांनंतर, नवा संघ, डेन्व्हरच्या उघड्या मैदानावर त्याने 55 टचडाउन फेकले. छताचा आक्षेप तिथे बराच विरतो.

2011 चं वर्ष हा पुरावा लोक फार उगाळतात. मॅनिंग जखमी, एकही सामना नाही, आणि आदल्या वर्षी 10-6 असलेले कोल्ट्स 2-14 वर कोसळले. वाटतं, आठ विजय त्याचेच. सावकाश घ्या. 2007 मध्ये न्यू इंग्लंडने साखळीतले सोळाही सामने जिंकले. पुढल्या वर्षी ब्रेडी पहिल्याच सामन्यात जखमी झाला, तरी मॅट कॅसेलच्या हाताखाली संघ 11-5. म्हणून ब्रेडी पाचच विजयांच्या किमतीचा? फरक बदली खेळाडूच्या दर्जातही असतो आणि संघबांधणीतही. कोल्ट्सचा अख्खा डोलारा मॅनिंगवर उभा होता, पर्यायाची तजवीजच नव्हती. हा पुरावा टाकू नका, पण त्याला अर्ध्या साक्षीदाराचंच वजन द्या.

संदर्भात आणखी एक ओळ मोंटानासाठी राखून ठेवा. पगारावरची मर्यादा 1994 मध्ये आली. त्याचे चारही किताब त्याआधीचे. पैसेवाल्या संघाला चांगले खेळाडू सांभाळून ठेवणं तेव्हा सोपं होतं. जुना क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम दहा वर्षं खेळला आणि दहाही वर्षं अंतिम सामन्यात होता, सात जिंकला. त्यातली पहिली चार वेगळ्या लीगमधली, आणि एनएफएलमध्ये तेव्हा 12-13 संघ. आज 32 आहेत. ग्रॅहमचे सात आणि ब्रेडीचे सात एका तागडीत तोलता येत नाहीत.

पायऱ्या आखताना

समकालीनांचं मत शेवटी घ्या. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला: 2003 (स्टीव्ह मॅकनेअरसोबत वाटून), 2004, 2008, 2009, 2013. इतके किताब दुसऱ्या कुणाकडे नाहीत. अ‍ॅरन रॉजर्सचे चार, ब्रेडीचे तीन. सर्वोत्तम संघात तो सात वेळा पहिला क्वार्टरबॅक होता. ही मतं फक्त साखळी सामन्यांवर पडतात, म्हणून ती शिखर आणि पल्ला या रकान्यांत मोडतात. प्लेऑफचं अपयश त्यांनी झाकत नाही.

आता क्रमांक लावू नका, पायऱ्या लावा. चौथा की पाचवा हे ठरवण्याइतकी बारीक मापं या खेळात नाहीत. पहिल्या पायरीवर ब्रेडी एकटा: 23 हंगाम, 89,214 यार्ड, 649 टचडाउन, सात अंगठ्या. पल्ला आणि निर्णायक सामने या दोन्ही रकान्यांत त्याच्या आसपास कुणी नाही. दुसऱ्या पायरीवर मोंटाना, युनायटस, ग्रॅहम आणि मॅनिंग. मरिनो या पायरीच्या कडेवर. एका हंगामाचं शिखर कुणाहूनही कमी नाही, पण त्या उंचीवरची वर्षं मॅनिंगपेक्षा कमी.

जागा पक्की झाली का हे तपासायला वजनं मुद्दाम बदला. प्लेऑफला 30 ऐवजी 50 द्या: मॅनिंग मोंटानाच्या बराच खाली सरकतो, पण पायरी तीच राहते. शिखराला 60 द्या: तो मोंटानाच्या वर जातो, आणि ब्रेडीच्या इतका जवळ येतो की तासभर वाद घालता येईल. वजनं कशीही फिरवली तरी तिसऱ्या पायरीवर तो घसरत नाही. फक्त अंगठ्या मोजल्या तरच घसरतो.

खेळत असलेल्या खेळाडूचं नाव पेन्सिलने लिहा. पॅट्रिक माहोम्सने वयाच्या 28 व्या वर्षापर्यंत तीन सुपर बोल जिंकले होते. तिन्हींत तोच सर्वोत्तम खेळाडू, आणि पूर्ण वेळ खेळायच्या पहिल्याच हंगामात 50 टचडाउन. त्याला मॅनिंगच्या पूर्ण कारकिर्दीशी लावू नका, त्याच वयाच्या मॅनिंगशी लावा. 28 व्या वर्षी मॅनिंगकडे 2004 चा तो हंगाम होता आणि अंगठी एकही नव्हती. शिखर आणि निर्णायक सामने हे दोन रकाने माहोम्सचे आताच भरता येतील, पल्ल्याचा रकाना कोरा ठेवा.